पहिले पाच ठिपके

फोन रुक्माक्काच्या धाकट्या भावाचा होता. "अक्का गेली. डेंग्यू. चार दिवसांत सगळं..." एवढंच बोलला. चेन्नईच्या उकाड्यात मी अड्यारच्या बसथांब्यावर उभा होतो. सांगायला लाज वाटते, पण मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. त्या पाच ठिपक्यांबद्दल आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

रुक्माक्का तंजावरच्या मराठी घरातली, मी कोल्हापूरचा. प्रयोगशाळेत नऊ वर्षं शेजारी शेजारी बसलो. ती 'मला' न म्हणता 'मज' म्हणायची, अधूनमधून तमिळ पेरायची आणि माझ्या बोलण्याला हसायची. "तू मीठ मागतोस तेव्हाही भांडायला आलास असंच वाटतं." काम दोघांचं एकच, पॉलिमरच्या मायसेलींचं. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या. आमच्या साखळ्यांच्या एका टोकाला पाणी मानवतं, दुसऱ्याला मुळीच नाही. म्हणून पाण्यात त्या एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे, म्हणजेच मायसेली, बनतात आणि पोटात औषध धरून ठेवतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. त्यांतून क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात ते मोजायचं आणि आलेखाच्या रेषेवरून गोळ्यांचा आकार ओळखायचा. रेषेच्या डाव्या टोकाचे पहिले काही ठिपके मूळ किरणाच्या अगदी जवळचे. त्यांत यंत्राची गडबड मिसळते, म्हणून ते बहुतेक जण कापतात. आमच्या शोधनिबंधात मीही पाच कापले.

अक्काला ते पटलं नाही. "टोक वर चाललंय रे. यंत्राची चूक असती तर नुसत्या पाण्याच्या आलेखातही दिसली असती. मज वाटतं, गोळे एकमेकांना चिकटताहेत."

"तुला सगळीकडे भुतं दिसतात," मी थट्टेवारी नेलं. निबंध छापून आला, एका औषध कंपनीनं आमचे गोळे घेतले, माणसांवर चाचणी करायचं ठरलं. अक्कानं मात्र कुणी न सांगता गोळ्यांचं तेच मिश्रण नळ्यांत भरून अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवलं आणि रोज सकाळी एकेक नळी मोजायला घेतली. टोक रोज थोडं वर. रक्तात असे गठ्ठे झाले तर ते फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतील, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगायला नको होतं.

शेवटची भेट कॅन्टीनमधली. सात दिवसांच्या सात रेषा एकाच कागदावर काढून तिनं माझ्यापुढे सरकवल्या. डोळे लाल होते, अंगात कणकण होती, कॉफीला तिनं हातही लावला नाही.

"कंपनीला तूच कळव. मी कळवलं तर तुझी चहाडी केल्यासारखं होईल."

"कळवतो की. पुढच्या आठवड्यात."

"सरि," म्हणाली. म्हणजे, बरं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हेच मला आज सहन होत नाही.

शोकसभेत आमच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, हे औषध हेच अक्काचं स्मारक. मी मान डोलावली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय. तरी मी ते एकोणीस दिवस झाकून बसलो. विसाव्या दिवशी तिचं टेबल आवरायला गेलो. कोमट पाण्याचं भांडं चालूच होतं, कुणी बंद केलं नव्हतं. त्यातली एक नळी काढून मोजली, एकही ठिपका न कापता. डावं टोक कागदाबाहेर निघून गेलं. त्याच दुपारी कंपनीला सगळं लिहून कळवलं.

उत्तर तासाभरात आलं. चाचणी थांबवली आहे, कळवल्याबद्दल आभारी आहोत. पहिल्या रुग्णाला मात्र चार दिवसांपूर्वीच इंजेक्शन दिलं गेलं आहे.

त्या माणसाचं नाव मला सांगत नाहीत. रोज विचारतो, अजून तरी बरा आहे, म्हणतात. अक्काला नळ्यांवरच्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवायची सवय... उरलेल्या नळ्यांवर महिनाअखेरपर्यंतच्या तारखा तिच्याच अक्षरात आहेत. रोज सकाळी त्या दिवसाची नळी काढतो आणि मोजतो. टोक अजून चढतंय.