परिस्थिती बरी

लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा मला दोन गोष्टींचा गर्व होता. मी मॅट्रिक होते आणि माझं अक्षर सुरेख होतं. या दोन गुणांवर तिथल्या महिला मंडळानं मला पहिल्याच वर्षी ओढून घेतलं. बाकीच्या बायका हळदीकुंकवात आणि लोणच्या-पापडात पुढे असायच्या. कागदाचं काम निघालं की सगळ्या माझ्याकडे बघायच्या, आणि मला ते फार आवडायचं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या मागे मजुरांची एक वस्ती होती. बहुतेक घरं बौद्ध, धर्म बदलल्याला चार-पाच वर्षं झालेली. जवळची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला गावातल्या हायस्कुलात जायचं म्हणजे फी, पुस्तकं, गणवेश, सगळंच आलं. मुलगे कसेबसे जायचे, मुली मात्र चौथी झाल्या की घरी बसायच्या. मंडळानं ठरवलं की त्यातल्या तीन मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवायचं. शाळेच्या मास्तरांनी पाच नावं दिली. पाचही घरं पाहून वहीत शेरा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मंडळाच्या अध्यक्षा वकिलाच्या बायको होत्या. त्यांचा एक नियम होता, न कळवता जायचं. कळवलं की लोक फाटकी लुगडी नेसून बसतात, असं त्यांचं म्हणणं. मला ही फौजदारी पद्धत मुळीच आवडली नाही. कोणाच्या घरी असं धाडकन जाऊन उभं राहणं मला माझ्या आईनं शिकवलं नव्हतं. म्हणून अध्यक्षांना न सांगता मी मास्तरांकरवी आदल्या दिवशी निरोप पाठवला, उद्या सकाळी येते म्हणून. तेव्हा स्वतःच्या संस्काराचं मला कोण कौतुक वाटलं होतं.

मे महिना होता. यादीतलं पहिलं नाव वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं. घर एकाच खोलीचं, पण दारापुढे सडा घातलेला, आत जमीन नुकती सारवलेली. फळीवर पितळेची भांडी लखलखत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला ताजा हार. मला बसायला खुर्ची होती, तीही हातांची. मुलीची आई पांढऱ्याशुभ्र लुगड्यात उभी होती. मुलीच्या अंगावर कोऱ्या कापडाचा परकर आणि केसांना तेल.

मुलीनं मला न अडखळता धडा वाचून दाखवला. मग आईनं फुलाफुलांच्या कपबशीत चहा आणला. मी म्हटलं, माझा उपास आहे. उपासाला चहा चालतो हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. तिनं कप परत नेला. त्यांनी धर्म बदलला असला तरी मला त्या घरातला चहा घशाखाली उतरवता आला नसता, हे आज लिहायला मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगते, ती याहून वाईट. त्या घरात मला जरा राग आला होता. ती बाई वाकत नव्हती, गयावया करत नव्हती, आपलं दुःख सांगत नव्हती. मी विचारलं त्याचं तिनं नेमकं तेवढंच उत्तर दिलं. मदत हवी असलेल्या माणसानं कसं दिसावं याचं एक चित्र मी घरूनच घेऊन आले होते, आणि ती त्यात बसेना. तिथेच खुर्चीत बसून मी वहीत माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘परिस्थिती बरी.’

दोन दारं सोडून यादीतलं दुसरं घर होतं. तिथे काहीच नव्हतं. एक माठ, एक गोधडी, दोन जर्मनची पातेली. त्या घरची बाई ओशाळून म्हणाली,

“खुर्ची हाय जी आमच्याकडं, पण ती तिकडं नेली. तुमी पयले तिकडं जाणार व्हत्या ना. थांबा, आणतो.”

मी तिला थांबवलं आणि कोणती खुर्ची म्हणून विचारलं. तिनं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. खुर्ची आणि पितळेची भांडी हिची, कपबशी कोपऱ्यावरच्या बाईची, पांढरं लुगडं वस्तीतल्या एका नव्या नवरीचं, बौद्ध पद्धतीच्या लग्नातलं, परकराचं कापड तिघींनी मिळून घेतलेलं. साखरसुद्धा मागून आणलेली. आमच्या गल्लीत पोरीच्या शाळेसाठी बाई येऊन राहिल्या, मग गल्लीची इज्जत नको का ठेवायला, असं ती म्हणाली. तिची स्वतःची मुलगीही यादीत होती, तरी तिनं घर रिकामं करून शेजारणीचं सजवलं होतं.

मी उन्हात बाहेर आले तेव्हा मला सगळं कळलं होतं. घरी जाऊन शेरा बदलायचा, असं मी ठरवलंही. पण बदलायचा म्हणजे कारण द्यावं लागणार, आणि कारण द्यायचं म्हणजे मी आधी निरोप पाठवला होता हे बाहेर येणार. सासरच्या गावात माझं पहिलंच वर्ष, आणि मंडळात माझं चांगलं नाव झालेलं. उद्या बघू, परवा बघू करत दिवस गेले.

बैठकीत अध्यक्षांनी माझी वही वाचून दाखवली. शेरे वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, हिला नजर आहे. तीन मुली निवडल्या गेल्या. त्यात खुर्ची देणारीची मुलगी होती. पहिली आलेली नव्हती.

चार दिवसांनी तिची आई माझा पत्ता विचारत घरी आली. या वेळी रोजच्या लुगड्यात, खांद्यावर ठिगळ लावलेलं. मी आत या म्हटलं, तरी ती पायरीखालीच उभी राहिली. भांडायला आली असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिनं भांडावं अशी माझी इच्छा होती. पण तिनं शांतपणे विचारलं,

“बाई, आमचं काही चुकलं का? तुमी चहा नाई घेतला, तवाच मले वाटलं. सांगून द्या, मनात नका ठेवू.”

मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, जागाच तीन होत्या. तिनं मान हलवली आणि म्हणाली,

“मंग पुढच्या साली याल तवा घर आजून चांगलं करू आमी.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. तुमचं घर चांगलं होतं म्हणूनच मी तुमच्या मुलीचं नाव घालवलं, एवढं एकच वाक्य होतं. ते मी बोलले नाही. ‘बघू’ म्हणाले. ती नमस्कार करून गेली.

पुढच्या वर्षी मंडळानं नदीपलीकडची दुसरी वस्ती धरली. एकाच वस्तीला किती द्यायचं, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि त्या बैठकीचा वृत्तांत मीच लिहिला. नंतर एकदा मास्तर बाजारात भेटले. त्यांनी सांगितलं, ती मुलगी वर्षभर रोज शाळेत यायची आणि पुन्हा चौथीच्याच वर्गात बसायची. अभ्यास सुटू नये म्हणून आईच पाठवत होती. मे महिन्यात त्यांनी भिंतींना चुना मारला, दार रंगवलं, आणि वाट पाहिली. जूनमध्ये शाळा उघडल्या तरी मंडळाचं कोणी फिरकलं नाही, तेव्हा आईनं मुलीला आपल्याबरोबर जिनात कापूस निवडायला न्यायला सुरुवात केली.