पाटीवर 'आज नाही'

अकोल्याच्या जुन्या शहरात पार्वताबाईंच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. रोज सकाळी त्या आलूचा एकच काप तेलात सोडतात. काप पांढरा राहिला तर पाटीवर 'आज आहे', लाल पडला तर 'आज नाही'. बावीस वर्षं त्यांचे चिप्स असेच विकले गेले. गल्लीत, आणि पुढे अमरावतीतही.

त्या दिवशी त्यांच्या मुलाने, किशोरने, काप तळण्याआधीच 'आज आहे' लिहून टाकलं. पुण्याच्या एका मासिकातून प्रतीक्षाबाई अकरा वाजता येणार होत्या. राज्यातल्या दहा उत्तम चिप्सची यादी निघायची होती. पाकिटातले चिप्स त्यांनी चाखले होते. आता कढईतले पाहायचे होते.

काप लाल पडला. दुसरं पोतं फोडलं. त्यातलाही काप लाल.

"कोल्ड स्टोरेजचा माल देल्ला मेल्या व्यापाऱ्यानं," पार्वताबाई म्हणाल्या. "थंडीत आलू गोड होते, अन् गोड आलू तेलात करपते. पंधरा दिवस बाहेर ठेवा लागते."

साडेदहा वाजले होते.

"माय, खाटेखाली घरचा दोन किलो आलू हाय. तोच तळ."

"अन् यादी वाचून जे येतीन, त्यायले हे लाल देऊ?"

"आजच्यापुरतं! पुन्हा कोन येते अकोल्याले?"

पार्वताबाई खाली वाकल्या. खाटेखालच्या टोपलीतला एक आलू त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने त्याची माती पुसली. कढईतून धूर निघू लागला होता. आलू परत ठेवून त्यांनी गॅस बंद केला आणि ओलं फडकं घेऊन दाराशी गेल्या.

प्रतीक्षाबाई ऑटोतून उतरल्या तेव्हा पाटीवरची अक्षरं ओलीच होती.

"आज नाही म्हणजे?"

"म्हंजे आज नाई. या, चहा घ्या."

किशोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रतीक्षाबाईंनी ताटलीतला लाल काप उचलून सावकाश चावला.

"कडवट आहे."

"म्हून तं."

"परवा अंक छपाईला जातोय, पार्वताबाई."

"मी काय करू? आलू आयकत नाई."

प्रतीक्षाबाई हसल्या नाहीत. चहा संपवून निघाल्या. जाताना पाटीसमोर थांबून त्यांनी मोबाइल काढला, एवढंच.

पुढचे वीस दिवस किशोर आईशी कामापुरतंच बोलला. मग एका सकाळी तो अंक घेऊन धावत आला.

"माय! सातवा नंबर! अन् आपली पाटी बी छापली!"

पार्वताबाईंनी मागे न बघताच हात वर केला.

"थांब जरा."

नवं पोतं फोडलं होतं. काप तेलात होता.