हाताचे यश

माणिकराव गेल्याचे कळले तेव्हा माझे दोन्ही हात डिझेलने ओले होते. पिकअपच्या डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडण्याचे काम मी दर एकादशीला, स्नानापूर्वी करतो; तिथीशी बांधलेल्या कामाचा विसर पडत नाही. भोकरहून त्यांच्या लेकीचा, सुनंदाचा, फोन आला आणि आमच्या सौभाग्यवतीने तो माझ्या कानाशी धरला. “गुरुजी, अण्णा गेले… पहाटं. त्रास झाला न्हाई काही.” मी ‘हरि हरि’ म्हणालो. पाणी संपून चांगले डिझेल मातीत ओघळू लागले आहे, हे बऱ्याच वेळाने ध्यानात आले. फिल्टरखालचा तो स्क्रू सोडायला आणि आवळायला मला माणिकरावांनीच शिकवले होते. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. त्यांच्याविषयी लिहावे असे रोज वाटते आणि रोज लाज आड येते. कारण त्यांचे गुण सांगायचे तर माझे कृत्यही सांगावे लागेल.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर रेणापूरला येऊन गावात पूजा सांगू लागलो, तेव्हा थोरल्या बंधूंच्या पश्चात त्यांची शेती आणि जुनी पिकअप माझ्याकडे आली. भाजी लातूरला पोचवायची आणि सोमवारी देवळातल्या प्रसादासाठी धान्य आणायचे, एवढेच तिचे काम. पण ती महिन्यातून चारदा रुसे. माणिकरावांनी लातूरला ट्रकच्या गॅरेजात उमेदवारी केलेली, आणि गावात वडाखाली त्यांचे छोटे दुकान होते. पहिल्याच भेटीत त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी मला शेजारी उभे केले. “गुरुजी, आमी तुमच्याकडून मंत्र म्हणून घेतो, कारण आमाला येत न्हाईत. पण तुमाला डोळे हायेत, कान हायेत. स्वतःची गाडी स्वतः शिका.” साठी उलटल्यावर मी असा शिष्य झालो. सकाळी इंजिन थंड असताना तेलाची पट्टी पुसून पाहायची, रेडिएटरचे पाणी पाहायचे, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून तो सैल झाला का ते जोखायचे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायची. चढावर गाडी धापा टाकू लागली की तिने ‘हवा धरली’, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, असे समजायचे. मग फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत स्क्रू सैल ठेवायचा. हे सारे मी वहीत ‘वायुदोष’, ‘जलदोष’, ‘स्नेहक्षय’ अशा मथळ्यांखाली टिपून घेत असे. वही पाहून ते पोट धरून हसले. “गुरुजी, वहीत गाडी लई सोवळ्यात ठिवली तुमी. जरा काळे हात करा, मंग ती बोलंल तुमच्याशी.”

त्यांचा एक नियम मात्र मी त्यांच्याच शब्दांत उतरवला : “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आन् गाडी सुरू झाली, तर गुण कुनाचा ते जन्मात कळत न्हाई.” न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला होता. तो असा तेलकट फडक्याने हात पुसत सांगणारा मनुष्य मला प्रथमच भेटला. त्यानंतर कितीतरी वर्षे आमची सकाळ बॉनेट उघडे टाकून गप्पांत जाई.

दसऱ्याला मी पिकअपची पूजा करीत असे. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांना हळदकुंकू, हे सारेच करतात. मी त्यात स्वतःची भर घातली होती. इंधनाची टाकी हे यंत्राचे उदर, तेव्हा तिचे मुखही पूज्य, अशा विचाराने मी टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर लावीत असे. दरवर्षी जुन्यावर नवा थर चढे. एका वर्षी दसऱ्यानंतर गाडीला नवीनच व्याधी जडली. तीन-चार किलोमीटर नीट चालायची, मग गळा दाबल्यासारखी बंद पडायची. घटकाभर उभी ठेवली की पुन्हा सुरू व्हायची. माणिकराव आले, त्यांनी फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा आले, पंपाचे वायसर बदलले, नळ्या तपासल्या. नियमाप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट. दुकानाशी उभी असताना गाडी छान चाले आणि रस्त्यावर दगा देई.

तिसऱ्यांदा ती देवळासमोरच बंद पडली. सोमवार होता, धान्याची पोती मागे होती, पारावर दहा-बारा मंडळी बसलेली. माणिकरावांना बोलावणे गेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीच्या झाकणापाशी वाकून पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, “गुरुजी, हे झाकण जरा खरडून पुसू का? शेंदूर लई बसलाय.”

“पूजेचा आहे तो,” मी म्हणालो. “त्याचा आणि यंत्राचा काय संबंध?”

“न्हाई, मला वाटतं की…”

“तीन वेळा पाहिलेत, माणिकराव. आता देवाला दोष देता?” आणि मग मंडळींकडे वळून मी ते वाक्य बोललो : “यांच्या हाताला आता यश राहिले नाही.”

वैद्याला किंवा कारागिराला या वाक्याहून मोठा घाव नाही. चोर म्हटले तर मनुष्य भांडू शकतो, आळशी म्हटले तर काम करून दाखवू शकतो. हाताला यश नाही, यावर उत्तरच नसते. आणि ते पूजा सांगणाऱ्याच्या तोंडून निघाले म्हणजे लोकांना मत वाटत नाही, निर्णय वाटतो. हे मला ठाऊक होते… शब्दांचे वजन ओळखण्यातच माझे आयुष्य गेले होते. माणिकरावांनी पाना फडक्यात गुंडाळला, “बरं, गुरुजी,” एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

चार दिवसांनी मी देवळात असताना ते आमच्या घरी येऊन गेले. सौभाग्यवतीला म्हणाले, “ताई, गुरुजीला सांगा, गाडीला श्वास घेता येत नव्हता. आता येतोय.” त्या दिवसापासून गाडी बंद पडली नाही. काय केले, ते मी विचारायला गेलो नाही. पुढच्या दसऱ्याला शेंदराची वाटी घेऊन झाकणापाशी वाकलो तेव्हा कळले. झाकणाला सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. टाकीतले डिझेल ओढले जाते तशी बाहेरची हवा त्यातून आत यावी लागते; ती आली नाही की टाकीच डिझेल धरून ठेवते. माझ्या शेंदराने ते छिद्र बुजवले होते. माणिकरावांनी नेमका तेवढाच शेंदूर टोचून काढला होता, भोवतीचा जसाच्या तसा राखला होता. ज्याने त्यांना हीन ठरवले त्याच्या पूजेचाही त्यांनी मान ठेवला. मी वाटी परत नेली, त्या वर्षापासून झाकणाला शेंदूर लावणे बंद केले, आणि कोणालाही एक शब्द सांगितला नाही. सांगू, योग्य वेळ पाहून सांगू, असे म्हणता म्हणता त्यांचे दुकान ओस पडले. गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. वर्षभरात ते लेकीकडे भोकरला राहायला गेले, तेव्हा ‘वय झाले, बरे केले’ असे मीच लोकांना म्हणालो.

फोन आला त्या संध्याकाळी मी पारावर गेलो आणि सर्वांसमोर घडले ते सांगितले. मग ट्रॅक्टरवाले किसनराव हात जोडून म्हणाले, “गुरुजी, मेलेल्या मानसासाठी स्वतःवर घेता. केवढं मन तुमचं!” मी परत सांगितले, शपथेवर सांगितले. त्यावर दुसरे कोणी बोलले, “तुमचा शब्द खोटा कसा पडंल, गुरुजी? काहीतरी व्हतंच त्याचं.” मी तेथून उठलो तेव्हा दोघे माझ्या पाया पडले. माणिकरावांची अपकीर्ती होती तिथेच राहिली आणि माझ्या पुण्यात मात्र भर पडली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मी भोकरला गेलो. सुनंदापुढे हात जोडून सारे बोललो. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. “अण्णाला माहीत व्हतं, गुरुजी, तुमाला कळलंय म्हणून. दसऱ्याला शेंदूर लावला न्हाई, हे गावातल्या कुनीतरी सांगितलं त्येंला.”

“मग काही म्हणाले?”

“म्हणले, गुरुजी येतील.” ती पदराशी चाळा करीत राहिली. “पण इथं आल्यावर त्येंनी एकाही गाडीला हात लावला न्हाई. कुनाची बंद पडली की जायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आन् लांबूनच सांगू राहायचे… हे बघ, ते ढिलं कर. मी म्हणायची, अण्णा, तुमीच करा ना. तर म्हणायचे, माझ्या हाताला यश न्हाई, पोरी. गुरुजी उगं बोलायचे न्हाईत.”

छिद्र बुजले होते हे त्यांनी स्वतः शोधले होते. गाडी त्यांच्या हाताने सुरू झाली होती. तरी त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्या जिभेवर अधिक विश्वास ठेवला.

निघताना पाहिले, तर समोरच्या अंगणात शेजाऱ्याचा मालवाहू ऑटो उघडा पडला होता आणि तो मध्यमवयीन गृहस्थ एकटाच त्यात वाकून, पुटपुटत एकेक नळी चाचपत होता. मी जवळ जाऊन, ऑटोपासून दोन हात अंतरावर, भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. त्याने मान वर करून पाहिले. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

“बाबा, जरा इकडं सरका,” तो आदराने म्हणाला. “तिथं अण्णा उभे राहायचे.”

मी सरकलो.