पडदा उघडण्याआधीची धून

देवपूरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवतो. परवा मुलीने मोबाइलवर एका परदेशी विनोदी ऑपेराची धून ऐकवली. पडदा उघडण्याआधी ती वाजते म्हणे. "पप्पा, त्या संगीतकाराने हीच धून आधी एका गंभीर ऑपेराला लावली होती. लोकांना पत्तासुद्धा लागला नाही!"

ती हसत होती. मला मात्र एक वरात आठवली. आमच्याकडे म्हातारपणी वारलेल्या माणसाला वाजतगाजत नेतात. गेल्या वर्षी शिंदखेड्याच्या एका आबांना आम्ही भजनाच्या चालीवर स्मशानात पोहोचवलं होतं, आणि महिन्याभराने त्यांच्याच नातीची वरात होती. बँडच्या मालकांनी वरातीलाही तीच चाल लावायला सांगितली.

"मालक, ती चाल नको," मी म्हटलं.

"लय वाढव. कोणाच्या बापाला कळतंय!" ते खेकसले.

मी लय वाढवून तीच चाल वाजवली. पोरं बेभान नाचत होती. तेवढ्यात ओट्यावर बसलेली आबांची म्हातारी उठली आणि गर्दीतून थेट माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. माझी बाही घट्ट धरून तिने अहिराणीत विचारलं, "आते कोन गया, भाऊ?"