आतून कोरलेल्या सँडल्स

लहानपणी डेलिया ट्रॅमेलला कोणी विचारलं, "मोठेपणी कोण होणार गं?" तर ती म्हणायची, "निळ्या दारातली मुलगी." विचारणारा हसायचा. तिची आई रोवेना मात्र हसत नसे, कारण त्याचं मूळ तिला ठाऊक होतं.

डेलिया जन्मली तीच डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. सहा वर्षांची होईपर्यंत चार ऑपरेशनं झाली, सगळी बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हाडांच्या इस्पितळात. जो तो तिच्या पायाकडे बघून तोंड पाडायचा. चर्चमधल्या बायका तर पायाकडे बघूनच डोळे पुसायच्या. एका डिसेंबरात विद्यापीठातल्या मुली वॉर्डात आल्या. त्यांच्या भगिनी-मंडळाच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलींच्या क्लबच्या, घराला निळं दार होतं, म्हणून त्या निळ्या दारातल्या मुली. त्यांतली एक डेलियाच्या खाटेशी जमिनीवर फतकल मारून बसली, प्लास्टरमधून डोकावणारी पाच बोटं बघितली आणि म्हणाली, "अगं, या बोटांना रंग कोणी लावला नाही? शोभतं का हे?" तिने लाल नेलपॉलिश काढली आणि करंगळीपासून सुरुवात केली. इतकंच. पण डेलियाच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. आपण मोठं व्हायचं, त्या दारातून आत जायचं आणि डिसेंबरात वॉर्डात जाऊन पोरींची नखं रंगवायची.

पाऊल सरळ झालं, पण घोटा ताठ राहिला आणि डावा पाय दीड बोट आखूड. डॉक्टरांनी मापाने बनवलेले कडक सोल जन्माचे मागे लागले. बूट कुठलाही असो, आत ते सोल हवेतच. ते नसले की दहा मिनिटांत कळ कमरेपर्यंत चढायची आणि डेलिया लंगडायला लागायची. शाळेत हे सगळं खेळाच्या बुटांत खपून गेलं. अठराव्या वर्षी विद्यापीठात नाव लागलं, तेव्हा अडचण उभी राहिली.

ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी, मुलींच्या निवडीचा आठवडा असतो. अशा मंडळांची सोळा घरं; रोज घराघरांत जाऊन भेटायचं, रोज वेगळा पोशाख, आणि शेवटी मुली घर निवडतात, घरं मुली. पहिले दिवस टी-शर्टावर निभावतात. मग झगे आणि उंच टाचा. शेवटच्या संध्याकाळी पांढरा झगा, आणि त्याखाली खेळाचे बूट कोणी घालत नाही. रोवेना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती म्हणाली, "झगे मी शिवीन. केस तुझी मावशी करील. पायांचं काय करायचं ते देव सुचवेल, पण दुकानं आपल्यालाच फिरावी लागतील."

उन्हाळाभर त्या फिरल्या. टाच बरी असली तर आत सोल मावायचा नाही. सोल मावला तर पाऊल वर उचललं जाऊन मागून निसटायचं. जे बसायचं ते आजीबाईचं दिसायचं. एका चकचकीत दुकानातली बाई शेवटी कंटाळली.

"हे बघ राणी, या तर सगळ्या मुली नेतात. ते सोल चार दिवस काढून ठेव ना!"

रोवेना खुर्चीतून उठली. "बाई, तुमची कवळी आहे ना? तीही चार दिवस काढून ठेवा. फक्त जेवताना घाला."

"मम्मा!" डेलिया पुटपुटली. पण दारातून बाहेर पडल्यावर दोघी गाडीला टेकून पोट धरून हसल्या, आणि हसता हसता डेलियाला रडू आलं.

शेवटी उपाय सापडला तो गावातच. परव्हिस काका चामड्याचं काम करायचे. घोड्यांची खोगिरं, म्हाताऱ्यांचे बूट, कधी चर्चच्या खुर्च्यांची बैठक. त्यांनी डेलियाच्या हातातली जाड कॉर्कच्या टाचेची सँडल घेतली, अंगठ्याने दाबून बघितली.

"कॉर्क आहे, मग घाबरायचं कशाला? लाकूड असतं तर मी हात जोडले असते. हे आतून कोरतो. उजवी जास्त, डावी कमी. तुझे सोल आत बसतील आणि तू सरळ उभी राहशील. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतील. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि निसटणार नाहीत?"

"मागे टाचेला चामड्याची वाटी देतो आणि घोट्याला रुंद पट्टा. फक्त एक आहे. तो बकल बसून लावावा लागेल. तुझा घोटा वाकत नाही, उभ्याने जमायचं नाही."

काकांनी नऊ दिवस घेतले. डेलियाने त्या घालून त्यांच्या दुकानात एक चक्कर मारली, मग दुसरी. काका नुसते तिच्या चालीकडे बघत राहिले आणि मग तोंडभर हसले.

निवडीच्या आठवड्यात दर पंधरा मुलींमागे एक मोठी मुलगी देतात. ती सोबतीण. सोबतिणीही कुठल्या ना कुठल्या घरातल्याच असतात, पण तो आठवडाभर त्या घराशी बोलणं बंद ठेवतात, बिल्ला लपवतात, फोटो झाकतात. कोण कुठल्या घरची ते रविवारीच कळतं. त्यांनी कोणाला कुठे ढकलायचं नाही, कुठून ओढायचं नाही. म्हणून तर मुली त्यांच्यापाशी मन मोकळं करतात.

डेलियाच्या वाट्याला आली मार्लो किम्ब्रो. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला बहिणीसारखी समज. पाणी हवं, टाचणी हवी, रडायचं असलं, तर माझ्याकडे यायचं. पळून जायचं असलं तर मात्र आधी सांग, मला पंधरा डोकी मोजून परत द्यायचीत."

सगळ्या मुली घराघरांमध्ये चपट्या चपला घालून चालायच्या आणि दाराशी टाचा चढवून पिशव्या हिरवळीवर टाकायच्या. डेलियाला बकलसाठी बसावं लागे, आणि बसायला हिरवळीवर काही नसे. पहिल्या घराशी तिला एका पायावर डगमगताना मार्लोने बघितलं. काही न विचारता गुडघ्यावर बसली, डेलियाचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि पट्टा ओढून बकल लावला. पुढे प्रत्येक दाराशी तसंच. दुसऱ्या दिवशी डेलियाने तिला सगळं सांगितलं. पाय, इस्पितळ, लाल नखं, निळं दार.

"म्हणजे तुला तेच एक घर हवंय?" मार्लोने खालूनच विचारलं.

"बाकी कुठलं मिळालं तरी मी हसत जाईन गं. पण मागितलंय तेच."

"कोणाकडे मागितलंयस?"

डेलियाने वर बोट केलं. मार्लो हसली. त्या रात्रीपासून डेलियाच्या प्रार्थनेत आईच्या नावानंतर मार्लोचं नाव यायला लागलं.

घरं गळत गेली. सोळांची दहा, दहांची सहा. निळं दार राहिलं. त्या घराने आपल्या इस्पितळातल्या कामाची फिल्म दाखवली त्या दिवशी होलिस नावाची एक शेवटच्या वर्षाची मुलगी डेलियाशेजारी होती. पडद्यावर तिसऱ्या मजल्याची पिवळी भिंत आली आणि डेलियाच्या तोंडून निघून गेलं, "ती खिडकीची खाट माझी होती." होलिसने तिचा हात धरला तो फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या संध्याकाळी दोनच घरं उरली. पिवळ्या व्हरांड्याचं आणि निळ्या दाराचं. निळ्या दारात दिवे मंद केलेले, सगळ्या मुली पांढऱ्या झग्यांत गोल करून उभ्या. होलिस एक खुर्ची घेऊन आली.

"बस."

"मी उभी राहू शकते."

"माहीत आहे मला. तरी बस."

चाळीस जणी उभ्या आणि ती एकटी बसलेली. डेलियाचे कान तापले. होलिस वाकून हळू आवाजात किती छान बोलली, पण त्यातलं तिला अर्धंसुद्धा ऐकू आलं नाही. तिचं लक्ष खुर्चीच्या पायांकडे होतं.

बाहेर आल्यावर मार्लो पायरीवर बकल सोडायला बसली. यानंतर सभागृहात जायचं, कागदावर दोन घरांची नावं क्रमाने लिहायची आणि सही करायची. घरंही आपापली यादी देतात, दोन्ही जुळवून रविवारी घर ठरतं. सही झाली की वर्षभर बदल नाही.

"कसं झालं?" मार्लोने विचारलं.

"मला खुर्ची दिली."

मार्लोचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. "अच्छा."

"अच्छा काय? बोल ना."

"मी बोलायचं नसतं, डेलिया. नियम आहे."

"बहीण समज म्हणाली होतीस."

मार्लोने बकल सोडला, पट्टा सरळ केला, पुन्हा सरळ केला. "जिला घ्यायचं नसतं तिला शेवटच्या दिवशी बसवतात. निरोप असतो तो. वाईट वाटू नये म्हणून."

"मग बोलावलं कशाला?"

"तुझी गोष्ट ऐकून रडल्या ना सगळ्या? मग तोंडावर नाही कसं म्हणतील? ऐक माझं. पिवळा व्हरांडा पहिला लिही. निळं पहिलं लिहिलंस आणि त्यांनी सोडलं, तर पिवळ्यातल्या दुखावतील, निळं तर गेलेलंच असेल. दोन्ही हात रिकामे राहतील."

डेलियाने डोळे मिटले. देवाने मार्लोच्या तोंडून उत्तर दिलं असं तिला वाटलं. हेच नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं. आत जाऊन तिने पिवळा व्हरांडा पहिला लिहिला आणि सही केली.

रविवारी मैदानावर हजारो मुली पाकिटं घेऊन बसल्या. शिट्टी वाजली आणि एकच किंकाळी उठली. डेलियाच्या पाकिटात पिवळा व्हरांडा होता. त्याच क्षणी सोबतिणींनी वरचे साधे शर्ट उतरवले. मार्लोच्या आतला शर्ट निळा होता, छातीवर निळ्या दाराचं चित्र.

आधी डेलियाला आनंदच झाला. आपली मार्लो निळ्या दारातली! ती तिला मिठी मारायला निघाली. दोन पावलं गेली आणि तिच्या लक्षात आलं, की खुर्चीचा अर्थ काय असतो हे मार्लोला माहीत असणार. ऐकीव नाही, घरचं.

नव्या मुलींना न्यायला आलेली होलिस तिला बघून थांबली. होलिसचे डोळे लाल होते.

"तू का गं असं केलंस? आमच्या पहिल्या दहांत होतं तुझं नाव. तूच दुसरीकडे गेलीस म्हणून निसटलीस."

"तुम्ही खुर्ची दिलीत..."

"दिली! जेवणघरातून मी स्वतः उचलून आणली. फोटोत कसं दिसेल म्हणून दोघी-तिघी कुरकुरल्या, त्यांच्याशी भांडून आणली. तास-दीड तास उभं राहून तुझे पाय दुखले असते की नाही?"

"निरोपाची खुर्ची असते म्हणे."

"कोण म्हणतं?"

डेलियाची नजर मार्लोकडे गेली. होलिसने तिच्या नजरेच्या रोखाने बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिला कोणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

मार्लो जवळ आली. "तुझ्या भल्यासाठी केलं, डेलिया. शपथेवर सांगते. आमच्यातल्या काही जणी कशा आहेत ते तुला माहीत नाही. दर डिसेंबरात तुला स्टेजवर उभं केलं असतं, इस्पितळाची मुलगी म्हणून. आणि आज हे मैदानावरून नव्या घरापर्यंत धावणं, दारातला नाच, व्हिडिओ, त्यावर लोक काय काय लिहितात. तू मागून येणार, सगळ्या थांबणार. मला बघवलं नसतं गं."

"तुला बघवलं नसतं."

"खरंच नसतं."

"म्हणजे पाय माझा," डेलिया म्हणाली, "आणि दुखला तुला."

सगळ्या धावायला लागल्या होत्या. डेलियाच्या सँडलचा पट्टा सुटलेला बघून मार्लो सवयीने गुडघ्यावर बसली. डेलियाने पाय मागे घेतला.

"राहू दे. मी लावते."

ती तिथेच गवतावर झग्यासकट बसली, सावकाश बकल लावला, हात टेकून उठली. तोवर मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. पिवळ्या व्हरांड्याच्या मुली पायरीवर वाट बघत होत्या. त्यांनी तिच्या हातात गोड थंड चहाचा ग्लास दिला, तिच्या नावाची पाटी दाखवली. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांचा काय दोष? डेलिया कबूल केल्याप्रमाणे हसत आत गेली.

पुढच्या रविवारी ती घरी आली. रोवेनाचा हट्ट, की चर्चला त्याच सँडल्स घालायच्या. वाटेत गाडीत ती म्हणाली, "ती तुझी मार्लो, देवमाणूस गं. रोज गुडघ्यावर बसून तुझा पट्टा लावायची, कोण करतं एवढं? मी तिचं नाव प्रार्थनेच्या यादीत दिलंय."

डेलिया खिडकीबाहेर बघत राहिली. आईने झगे शिवताना दोन महिने डोळे फोडले होते. तिला काय सांगायचं?

मागच्या बाकावर परव्हिस काका होते. पुढे वाकून कुजबुजले, "कुठे दाबलं नाही ना? वाटी सैल पडली नाही?"

"नाही काका. तुमच्या सँडल्सनी दगा नाही दिला."

पाद्रीबाबांनी यादी वाचली. आजाऱ्यांची नावं, नव्या बाळाचं, आणि मग, "आपल्या डेलियाला सांभाळणारी मार्लो." रोवेनाने लेकीचा हात दाबला. मग सगळे उठले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. डेलिया लहानपणापासून म्हणत आलेली, झोपेतही न चुकणारी. रोजची भाकर मागायच्या ओळीपर्यंत ती सगळ्यांबरोबर होती. पुढे, आपला अपराध करणाऱ्यांना आपण क्षमा केली आहे असं देवाला सांगायची ओळ आली.

डेलियाने तोंड मिटलं. जे केलं नाही ते त्याच्यासमोर उभं राहून केलं म्हणायचं, ते तिच्याने होईना. आईने कोपर मारलं. डेलिया बाकावर बसली, खाली वाकली आणि घट्ट असलेला बकल आणखी एक भोक घट्ट केला.

ओळ संपली. तेव्हा ती उठली आणि पुढची सगळ्यांबरोबर म्हणायला लागली.