नूरीचं आंबोण

चौथीनंतर माझी शाळा सुटली. अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील, त्याची माफी. पण करीमचाचांना जाऊन चाळीस दिवस होऊन गेले, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही लिहील असं वाटत नाही... म्हणून मीच बसले.

नांदेडात आमच्या घरांची भिंतीला भिंत. त्या सकाळी त्यांची घोडी, नूरी, खिंकाळायची थांबेना. रोज त्या वेळी तिच्यापुढं घमेलं यायचं. त्यांचा मुलगा सलीम रिक्षा घेऊन केव्हाच गेला होता. मी जाऊन बघते तर चाचा बाजेवर निजल्यासारखेच होते.

नूरी आधी टांग्याला होती, मग वरातीला, आता नुसती म्हातारी. दाढा पार झिजलेल्या. कडबा चघळायची आणि ओला गोळा करून खाली टाकायची. चाचा ते गोळे मोजायचे आणि भिंतीवरून सांगायचे, "बेटी, आज सात पडले." मी बाहेरच्या माणसांशी बोलत नाही, पण "किती पडले?" एवढं त्यांना विचारायचे. आंबोण त्यांनीच शिकवलं. गव्हाचा कोंडा, भरडलेला मका, कडब्याची बारीक कुट्टी, सगळं कोमट पाण्यात तासभर. एकदा मी घाईत कोरडंच कालवायला घेतलं, तर म्हणाले, "तुझ्या सासूला देशील का असं? तिला बी दात न्हाईत."

जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, चण्यांवर दुआ पढून ते सगळ्यांना वाटले. कुणीतरी चाचांच्या नावानं मूठभर चणे नूरीपुढंही धरले. मायेनंच. तिनं ते न चावता गिळले. मान ताणली, खोकली, नाकातून लाळ आणि चणे यायला लागले... जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत मी तिची मान खाली धरून होते. वाचली.

सलीम म्हणाला, "भाभी, बस झालं. चाकूरचा एक जण नेतो म्हणतोय. मी पाचला रिक्षा काढतो, हिचं कोण करनार?"

"मी."

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. पदर सावरला, पण शब्द मागं घेतला नाही.

"अब्बाचा अर्धा दिवस जायचा हिच्यात. जमंल का तुमाला?"

"जमवीन."

पहिले चार दिवस दोन घास घेऊन नूरी तोंड फिरवायची. फासळ्या दिसायला लागल्या. आंबोण तेच, घमेलंही तेच. मग आठवलं... चाचा घमेलं ठेवून कधी गेलेच नाहीत. पालथ्या बादलीवर बसून राहायचे, तिचं होईपर्यंत. मी मात्र पोळ्या करायला पळत होते. पाचव्या दिवसापासून भाजी निवडायला, तांदूळ पाखडायला, सगळं घेऊन त्या बादलीवरच बसले. सासूबाई कुरकुरल्या, घरी पोळ्यांना उशीर झाला, तरी उठले नाही. नूरीनं घमेल्याचा तळ चाटला.

चाकूरच्या माणसाला सलीमनं परवा नको म्हणून कळवलं. काल रिक्षा काढता काढता मला विचारलं, "भाभी, आज किती पडले?"

मी बादलीवरूनच म्हणाले, "दोन. अन् हॉर्न वाजवू नको, ती जेवून राहिली."