पुढचं ऐकायचं न्हाई

माझ्या आयचा आवाज त्यांनी टेबलावरच्या स्पीकरला जोडला होता.

"पोरी, ऐकू येतंय का गं? शेरडं घिऊन वर आलेय. हितंच रेंज घावती."

टोरांटोतलं ऑफिस. काचेची खोली, समोर चौकशीला बसलेले साहेब. कंपनीच्या ग्राहकांची माहिती कुणीतरी चोरली होती आणि संशय माझ्यावर होता. मी तिथं साधी सॉफ्टवेअर डेव्हलपर. माझ्या लॅपटॉपमध्ये त्यांना न कळणाऱ्या भाषेतले आवाज सापडले, पुरावा एवढाच. अर्थ सांगायला माझाच मॅनेजर बसवलेला. पुण्याचा. मराठी माणूस.

"शेरडं म्हणजे शेळ्या," त्यानं इंग्रजीत सांगितलं. "अगदी गावठी बोली आहे. मलाही निम्मं कळत नाही."

सगळे हसले. तोही.

आम्ही हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवरचे धनगर. आयला लिहिता यायचं नाही. म्हणून ती वहिनीचा मोबाईल घेऊन पठारावर चढायची आणि बोलून पाठवायची. नाचणी कशी आलीय. कुणाची म्हैस व्याली. एसटी परत बंद झाली. ते सगळं त्या खोलीत एकेक करून वाजत होतं. मी मान खाली घालून बसले. नोकरी गेली की व्हिसा जाणार होता.

मग ती क्लिप लागली.

"तुला म्हनून सांगते. कुणाला सांगू नगं. दादाला तर न्हाईच."

मॅनेजरनं क्लिप थांबवली. आता तो हसत नव्हता. माझ्याकडं वळून मराठीत म्हणाला, "काय सांगायचं नाहीये कुणाला?"

पुढचं मला पाठ होतं. पुढं आय सांगत होती, छातीत गाठ लागतेय. डॉक्टरला दाखवायची लाज वाटते.

ते वाजलं असतं तर मी सुटले असते. तिथल्या तिथं. पण सख्ख्या लेकापासून लपवलेलं तिचं दुखणं त्या परक्या पुरुषांसमोर, त्या टेबलावर?

त्याचं बोट पुढं सरकलं. मी उठले. लॅपटॉप मिटला.

"पुढचं ऐकायचं न्हाई."

"अगं, यात तुझाच फायदा आहे."

"ती माझी आय हाय. न्हाई म्हणजे न्हाई."

पुण्यात शिकताना ही बोली मी जिभेवरून घासून काढली होती. लोक हसायचे म्हणून. त्या दिवशी ती आपसूक आली.

खाजगी आवाज ऐकायला दिलेली परवानगी मी मागं घेतली. त्यांनी लिहिलं, सहकार्य केलं नाही. चौकशी महिनोन् महिने लांबली. रजा नाही. देश सोडलास तर नोकरी गेली समज.

इकडून मी रोज आयला डॉक्टरकडं जा म्हणून विनवायची. शेवटी दादाला सांगून टाकलं. तो तिला जीपनं पुण्याला घेऊन निघाला. वाटेतच, कापूरहोळच्या पुढं, जीपमध्येच ती गेली.

मी दहाव्यालाही पोचले नाही.

काही दिवसांनी एका ओळीची ईमेल आली. चौकशी बंद. केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं कुणी बंद केलं नव्हतं, चोर त्यातून शिरला होता. तिथं आधी कुणी बघितलंच नाही. आधी मला बघितलं. माफी कुणी मागितली नाही. मॅनेजर तर लिफ्टमध्ये म्हणाला, "चला, सुटलीस."

ती नोकरी मी सोडली. कोड लिहिणंही सोडलं. चोर कुठून शिरतो, कसा शोधायचा, ते पहिल्यापासून शिकले. वर चढत गेले. आज दुसऱ्या एका कंपनीत सायबर सुरक्षेचा सगळा विभाग माझ्या हाताखाली आहे. आयला हे सांगायचं राहिलं. तिला कळलंही नसतं नीट, पण सगळ्या वस्तीला सांगत फिरली असती.

मागच्या महिन्यात आमच्याकडं माहिती फुटली. माझ्या हाताखालचा एकजण म्हणाला, "ती नवी नेपाळी मुलगी आहे ना, सारखी तिच्या भाषेत बोलत असते. आधी तिचे फोन तपासू."

मी नाही म्हणाले. आधी सगळी खाती तपासा. माझ्यापासून सुरुवात करा. वरच्या साहेबांना हे आवडलं नाही. तू भावनेच्या भरात बोलतेस, म्हणाले.

ती मुलगी निर्दोष आहे की नाही, मला अजून माहीत नाही. चोर निघाली तर मीच धरीन. पुराव्यानं धरीन. पण तिची भाषा हा पुरावा नाही. मी या जागेवर आहे तोवर भाषा कुणाविरुद्ध पुरावा म्हणून धरू देणार नाही.

साहेबांना तसं लेखी कळवलंय.